काही न विचारता

"आजी देवाधर्माचं काही बोलायला लागली, की तू हन्नाला चिमटा काढ," आई म्हणाली.

"आई!"

"हळूच गं. पोर रडलं की तिचं लक्ष जाईल."

करिंथहून किंख्रियाच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो. माझी सहा महिन्यांची लेक हन्ना माझ्या कडेवर. आई आज एकोणीस वर्षांनी माहेरी जेवणार होती.

माझी आई मिर्टिस, बंदरावरच्या ग्रीक कोळ्याची लेक. माझ्या यहुदी बाबांशी लग्न करायचं म्हणून तिनं मोशेचं नियमशास्त्र पत्करलं. बाबा जन्माचे यहुदी, ते कधी कधी कंटाळा करत. आई नाही. बाहेरून आलेल्या बाईला चूक परवडत नाही. खवले नसलेलं समुद्रातलं काही चालत नाही, देवळात चढवलेलं चालत नाही. माहेरी गेली की ती उंबऱ्याशी बसायची आणि घरून नेलेले अंजीर खायची. आजोबा गेले त्या दिवशी आजीनं पुढे केलेल्या घासाकडेही तिनं पाठ फिरवली होती. आजीनं ते बंदरभर सांगितलं.

पुढे आईबाबा येशूला मानणाऱ्या मंडळीत गेले. ज्यांनी ही मंडळी उभी केली त्या गुरुजींचं पत्र गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर वाचलं. परधर्माच्या माणसानं जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खावं, कुठून आलं विचारू नये. मात्र हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलंच, तर त्या सांगणाऱ्याखातर ते सोडावं.

आईनं तेवढा भाग दोनदा वाचायला लावला. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी आजीला निरोप गेला: जेवायला येते.

आजीच्या घरात शिरक्याचा वास भरला होता. चुलीवर ऑक्टोपस रटरटत होता.

"मऊ पडावा म्हणून पहाटे दगडावर किती आपटलं मेल्याला. खांदा गेला माझा," आजी म्हणाली. "आत येतेस, की बसतेस आपली उंबऱ्यावर?"

आई आत गेली. आजी तिच्या पावलांकडे बघत राहिली.

"परवानगी मिळाली वाटतं तुमच्या देवाची?"

"मिळाली."

"लवकरच मिळाली हो. तुझा बाप वाट बघून गेला."

आजीनं मधोमध मोठं ताट ठेवलं.

"मिर्टो, आज सकाळी काय झालं माहितीय, मी—"

"आई, काय वास सुटलाय गं!" आई घाईनं म्हणाली.

"सुटणारच. तर सकाळी मी बंदरावर—"

मी हन्नाला चिमटा काढला. ती किंचाळली.

"अगं अगं, काय झालं माझ्या चिमणीला? तुझी आई बघ कशी, नुसती बसलीय ढिम्म!" आजीनं तिला ओढूनच घेतलं, बोट रश्शात बुडवून तिच्या ओठाला लावलं. हन्नानं ते चाटलं आणि तोंड पुन्हा उघडलं. आजी खुदकन हसली. आई माझ्याकडे बघून हसली. तिनं ताटातला एक तुकडा उचलला. पोरीसारखा झालेला तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"खा गं," आजी म्हणाली. "तुझा निरोप आला नि राहवेना मला. सकाळी समुद्राच्या देवाच्या, पोसायडनच्या देवळात गेले. पहिला तुकडा त्याला वाहिला. म्हटलं, देवा, माझी पोर परत दिलीस."

आईचा हात ओठांशी थांबला.

"ऐकलं नाहीस असं समज," मी पुटपुटले.

"ऐकलं ना गं," आई म्हणाली आणि तिनं तुकडा ताटात ठेवला.

आजीला कळायला वेळ लागला. "आता काय झालं?"

"आई, तू सांगायला नको होतंस."

"काय सांगायला नको होतं? मला आनंद झाला ते?"

"न सांगता वाढलं असतंस तर मी खाल्लं असतं."

"म्हणजे लपवलेलं चालतं तुमच्या देवाला? खरं बोललं की विटाळ?"

सांगणाऱ्याखातर सोडा, असं पत्रात होतं. सांगणारी समोर बसली होती, खांदा चोळत.

आजीनं हन्नाला माझ्या मांडीवर ठेवलं, ताट आपल्याकडे ओढलं आणि आईनं ठेवलेला तुकडा तोंडात टाकला.

"पाणी देतेस थोडं?" आईनं विचारलं.

"वळणावर विहीर आहे. सगळ्यांची आहे ती. तिथलं चालेल तुला."

आई उठली. विहिरीवर जाऊन ती ओंजळीनं पाणी प्यायली, तिनं तोंड धुतलं. मग दाराशी आजीचा रांजण होता तो भरायला लागली. तीन खेपा घातल्या. आजी नको म्हणाली नाही, तिनं वळूनही पाहिलं नाही. ती खात होती. दात नसलेल्या माणसाला ऑक्टोपस चावायला फार वेळ लागतो. रांजण काठोकाठ भरला तरी तिचं ताट अर्धंही संपलं नव्हतं.