कुपनाच्या मागची बाजू

मृदुलाला वेडच लागलं होतं म्हणा ना. मासिकातला गुप्तहेर दिलेर म्हणजे तिचा देव. भोसरीच्या त्या बैठ्या चाळीत शेजारच्या वर्कशॉपमधल्या लेथची घरघर दिवसभर भिंतीतून यायची, आणि ही दहा वर्षांची पोर बापाची टोपी कपाळावर ओढून नळाशी येणाऱ्या बायकांवर पाळत ठेवायची. मासिक तिच्या घरी यायचं. अख्ख्या चाळीत तेवढा एकच अंक. आधी मृदुला वाचणार, मग शेजारची प्रभावती.

प्रभाची तऱ्हाच वेगळी. "तुझ्या दिलेरला कधी भूक लागत नाही का गं?" ती विचारायची. "सारखा आपला धावतोय मेला." तिची लाडकी गोष्ट शेवटच्या पानांवरची, वीटभट्टीवरच्या रंभाची. रंभाची आई आजारी पडून दूर शहरात गेली होती आणि रंभा वर्षभर तिची वाट बघत होती. मृदुला त्या गोष्टीला रडकथा म्हणायची आणि ती पानं न वाचताच उलटायची. त्यावरून दोघींची जुंपायची, अबोला व्हायचा, आणि नळाला पाणी आलं की मिटायचाही.

प्रभाची आई छातीच्या दुखण्यानं चार महिने दवाखान्यात होती. पोरीनं मनाशी गाठ मारून ठेवली होती, रंभाची आई घरी आली की माझीपण येणार. हे तिनं फक्त मृदुलाला सांगितलं होतं. डिसेंबरच्या अंकात गोष्ट संपायची होती.

त्याच अंकात दिलेरचं बारावं कुपन होतं. वर्षाची बारा कुपनं कापून पाठवली की बिल्ला मिळणार होता. मृदुलानं अंक हातात पडल्या पडल्या कात्री शोधली, कुपन कापलं, बाकीच्या अकरांबरोबर पाकिटात घातलं. फर्स्ट शिफ्टला जाताना बापानं ते टपालपेटीत टाकलं. कुपनाच्या पाठीमागे काय छापलंय, हे बघायची बुद्धी काही तिला झाली नाही.

शनिवारी प्रभा अंक घेऊन उंबऱ्यात बसली. वाचत वाचत शेवटच्या पानावर आली आणि थांबली. रंभाच्या हातात पत्र आलं होतं, तिनं ते उघडलं होतं, आणि पुढे चौकोनी भोक होतं.

"काय होतं गं पत्रात? आली का तिची आई?"

मी वाचलंच नाही, एवढं म्हटलं असतं तर प्रभा आठवडाभर रुसली असती, बस्स. पण मृदुलाला तेवढंही नको होतं. आणि गोष्टी काय, गोडच संपतात, असं तिला वाटलं.

"आली की," ती म्हणाली.

"नक्की वाचलंस?"

मृदुलानं गळ्याला चिमटा घेतला. "आईच्यान."

दुसऱ्या दिवशी प्रभाची आत्या, भिमाबाई, पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "चल पोरी. तुझ्या आईनं बोलिवलंय. तुझ्याकडं डोळे लावून बसलीय ती."

"मी न्हाई येत, आत्या. आई घरीच येणार हाय. मी घर धुऊन ठेवते."

भिमाबाईनं समजावलं, रागावून बघितलं, शेवटी बस चुकेल म्हणून एकटीच गेली. प्रभानं फरशी घासली, हंडा चिंचेनं लखलखीत केला, आईची गोधडी उन्हात टाकली. मृदुला तिला पाणी भरू लागली. चार खेपा घातल्या, पण खरं काय ते सांगितलं नाही. जीभ काही झडली नव्हती तिची.

बुधवारी प्रभाची आई गेली.

चाळीत माणसं जमली. गर्दीतून प्रभा मृदुलापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "पण रंभाची आई तर आली होती ना?" तिनं विचारलं. मृदुलानं मान हलवली. दुसरं काय करणार होती? एक खोटं झाकायला दुसरं लागतंच.

पंधरा दिवसांनी बिल्ला आला. निळा, पत्र्याचा, त्यावर लिहिलेलं, 'चाणाक्ष वाचक'. मृदुलानं तो फ्रॉकला लावला नाही. त्याच दिवशी शाळेच्या कपाटातला डिसेंबरचा अंक मागून तिनं पहिल्यांदा रंभाची गोष्ट वाचली. कुपनामागे सहाच ओळी होत्या. आईनं पत्रात लिहिलं होतं, मला आता घरी यायचं होणार नाही, तूच ये, लवकर ये. रंभा तशीच अनवाणी एसटीकडे पळाली. वेळेत पोचली. आईनं तिचा हात धरला, आणि गोष्ट संपली.

मृदुलानं त्या सहा ओळी तीनदा वाचल्या.

ती घरी आली तेव्हा प्रभा उंबऱ्यात बसली होती, मांडीवर तोच भोकाचा अंक घेऊन.

"मृदुला, आता नव्या वर्षात रंभाचं पुढचं येईल का गं? आई घरी आल्यावरचं?"

"नाही," मृदुला म्हणाली. "संपली ती गोष्ट."

"मग तूच सांग ना, तू वाचलीयेस," प्रभा म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली.