म्हाळसाबाईचा सर्जेराव

विडीच्या कारखान्यात बायका बावीस आणि वाचता येणारी एकटी म्हाळसाबाई. सांगोल्याकडची धनगराची पोर, पण मामाकडं राहून मराठी चार यत्ता शिकली होती. म्हणून दुपारची भाकरी झाली की तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवायचं, भिंतीला पाठ टेकवायची आणि पुस्तक वाचायचं. बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचं. वाचणारीचे हात अडकलेले, तेव्हा तिच्या वाटच्या विड्या इतर जणी वळत. उठायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, असा रिवाजच पडला होता. मुकादम बंदेनवाज सुरुवातीला कुरकुरला. पण बायका भांडायच्या थांबल्या आणि काम भराभर उरकायला लागलं, तसा तोही स्टूल ओढून दाराशी कान देऊन बसू लागला.

पुस्तक आलं होतं रद्दीतून. विड्यांचे पुडे बांधायला रद्दीचे गठ्ठे येत, त्यात ते सापडलं. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळं पुस्तकाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नायकाचं नाव सर्जेराव, म्हणून सगळ्या पुस्तकालाच सर्जेराव म्हणायच्या.

आता हा सर्जेराव म्हणजे काय चीज होती म्हणता? एक नंबरचा उंडगा. जुगार खेळायचा, दारू प्यायचा, रागावला की हातातला चाबूक समोर कोण आहे ते बघत नसे. आणि दिसायला असा की घोड्यावरून वेशीत शिरला तर पाणवठ्यावरच्या बायांच्या घागरी भरून वाहायच्या. त्यानं वैजयंती नावाच्या एका सालस पोरीला भर जत्रेतून उचलून आणलं, इथून गोष्टीला तोंड फुटलं होतं. म्हाळसाबाईला त्याचा मनस्वी संताप यायचा. आणि खरं सांगायचं तर दुपार कधी होते आणि तो घोड्यावरून कधी येतो, याची ती सकाळपासून वाटही बघायची. चाळिशी उलटलेली बाई, नवरा परागंदा, आणि कागदावरच्या मेल्या टग्यासाठी छातीत धडधडतंय, याची तिला लाज वाटे. पण धडधडायचं थांबत नव्हतं.

सातव्या प्रकरणात सर्जेरावानं वैजयंतीच्या थोबाडीत मारली आणि तिला माडीवर कोंडून घातलं. तीन दिवस अन्न नाही. तिथं म्हाळसाबाईची जीभ अडखळली. बाकीच्या एकवीस जणी माना वर करून बघत होत्या. पुढं छापलं होतं की चौथ्या दिवशी दार उघडल्यावर वैजयंतीच त्याच्या पायावर पडली. म्हाळसाबाईला ते वाचवेना. तिनं पानावर नजर तशीच ठेवली आणि बेधडक सांगितलं, की सर्जेराव स्वतः हळद उगाळून घेऊन आला, तिच्या गालाला लावली आणि ढसाढसा रडला. म्हातारी सुंदरम्मा पदरानं डोळे पुसायला लागली. अजीजा म्हणाली, "या अल्ला, मरद असावा तर असा." म्हाळसाबाईलाही बरं वाटलं. त्या दिवसापासून तिला चटकच लागली. छापलेला सर्जेराव जिथं जिथं राक्षसासारखा वागे, तिथं तिथं ती त्याला माणसात आणायची.

असे पंधरा दिवस गेले. मग एका मंगळवारी मायाक्कानं पान कापायला हात पुढं केला आणि तिची बांगडी वर सरकली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ. मायाक्का म्हणजे अक्कलकोटकडच्या कल्लप्पाची मुलगी, सतरा वर्षांची, रोज म्हाळसाबाईच्या मांडीला मांडी लावून बसणारी.

"हे कुणी केलं गं?" म्हाळसाबाईनं हळूच विचारलं.

"बाळासोनं." पोरगी चक्क हसली. "अक्कलकोटची सर्व्हिस मोटार चालवतो न्हवं का, त्यो. मी तेलवाल्याशी बोलली म्हणून राग आला त्याला. लई जीव हाय त्याचा माज्यावर."

"जीव हाय म्हणून मनगट पिरगाळतो व्हय?"

"सर्जेरावानं न्हाय का मारलं? आन् मग हळद लावली की. बाळासो बी लावील. परवा चारच्या भोंग्याला मोटार घिऊन येणार हाय, तीन डाव हॉर्न वाजवणार. मी जाती त्याच्यासंगं. कुणाला सांगू नका, मावशी."

म्हाळसाबाईच्या आता ध्यानात आलं. पुस्तकात नसलेली हळद आपण उगाळली, आणि ही पोरगी तिच्या भरवशावर घर सोडून निघाली.

बुधवारी सकाळपासून तिच्या डोक्यात तेच. कल्लप्पाला सांगावं, तर तो पोरीला बडव बडव बडवील आणि आठ दिवसांत कुणातरी बिजवराच्या गळ्यात बांधील. न सांगावं, तर उद्या ती मोटारीत बसलीच म्हणून समजा. भाकरीच्या वेळेला पोरीला आडोशाला घेऊन तिनं समजावून पाहिलं. पोरगी एकच पालुपद धरून बसली, "तुमीच वाचलं की, मावशी." खरं सांगायला तोंड उघडलं, पण इतके दिवस आपण खोटं वाचलं असं कळल्यावर या बायका आपल्याकडं कोणत्या नजरेनं बघतील, या धास्तीनं तिनं तोंड मिटलं.

मग तिला एक सुचलं. पुस्तकाचा शेवट आपण अजून बघितलेलाच नाही. शेवटी तरी या मेल्याचं वाटोळं झालं असेल, निदान वैजयंती माहेरी गेली असेल. तसं असेल तर उद्या सरळ तेच वाचू. तिनं घाईघाईनं शेवटची पानं उलटली. सर्जेराव होता तसाच होता. चाबूकही होता. आणि वैजयंती त्याच्या पायाशी बसून म्हणत होती की या चरणांपाशीच माझा स्वर्ग. वर लिहिणाऱ्यानं याला खरं प्रेम म्हटलं होतं. म्हाळसाबाईनं पुस्तक मिटलं. आपण एकटीनंच खोटं सांगितलं नव्हतं, पण त्यानं जिवाला काही दिलासा मिळेना.

गुरुवार उजाडला. मायाक्का नवं चोळी-लुगडं नेसून आली होती आणि तिच्या सुपाखाली एक छोटं गाठोडं होतं. दुपारी म्हाळसाबाईनं पुस्तक उघडलं आणि मागं जाऊन सातवंच प्रकरण काढलं.

"हे झालंय की," सुंदरम्मा म्हणाली.

"झालंय, पण मी नीट वाचलं न्हवतं." म्हाळसाबाई म्हणाली. तिनं ओळीखाली बोट धरलं आणि छापलं होतं तसं वाचलं. थोबाडीत, माडी, तीन दिवस, आणि हळद नाही. रडणं नाही. वैजयंतीचं पायावर पडणं. कारखान्यात कात्र्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे हळद लावलीच न्हाय त्यानं?" अजीजानं विचारलं.

"न्हाय. ती मी लावली."

दाराशी बंदेनवाज स्टुलावर सावरून बसला. म्हाळसाबाईनं मायाक्काकडं बघितलं नाही, बघायची छातीच नव्हती. तिनं नजर पुन्हा पानावर लावली आणि बोलत राहिली.

"मग वैजयंती त्याच्यासंगं ऱ्हायली. तो तालमीत जायचा, फेटा तिरपा बांधायचा, सगळं गाव त्याच्याकडं बघायचं. तिला वाटायचं, हा आपला हाय. पैल्यांदा मारलं तवा त्यानं जत्रंतनं पेढं आणलं. दुसऱ्यांदा काय आणलं न्हाय. तिनं वाट बघितली, आज सुधरंल, उद्या सुधरंल. एक दिस ती भावाला पत्र लिवाय बसली. तेनं हात धरला आन् जे बोट कागदावर हुतं, तेच उलटं वाकवलं."

मायाक्काची नजर पानावर गेली. ओळीखाली म्हाळसाबाईचं पहिलं बोट होतं. मधल्या पेरात वाकडं. दारात चेंगरलं असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"हे पुस्तकात न्हाय," मायाक्का म्हणाली.

"न्हाय. हे तात्याबाचं हाय. माज्या नवऱ्याचं." म्हाळसाबाईला रडू आवरेना. "मला पुस्तकातला तरी चांगला करायचा हुता, पोरी. म्हणून तुला फसवलं."

"मला म्हाईत हुतं."

"काय?"

"मी रोज तुमच्याजवळ बसती, मावशी. मला अक्षरं येत न्हाईत, पण बोट दिसतं. त्यो मारायचा तवा तुमचं बोट वळीखालनं चालायचं. त्यो चांगला वागाय लागला की बोट थांबायचं." मायाक्का खाली मान घालून पानाचा तुकडा चुरगाळत होती. "पर मला बी त्यो चांगलाच पायजे हुता."

तेवढ्यात गिरणीचा चारचा भोंगा झाला. तो थांबायच्या आत रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लांबलचक. म्हाळसाबाईला वाटलं पोरीचा हात घट्ट धरून ठेवावा. ती पुढंसुद्धा झाली. पण त्याच मनगटावर वळ होते. तिनं हात मागं घेतला आणि आपल्याच मांडीवर दाबून धरला.

मायाक्का उठली. गाठोडं हातात घेऊन दारापर्यंत गेली आणि उभी राहिली. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी रागानं, थांबतच नव्हता. बंदेनवाजनं स्टूल बाजूला घेऊन वाट मोकळी करून दिली. पोरगी तिथंच उभी. बाहेरून बाळासोनं तिच्या नावानं हाक मारली आणि मागोमाग एक शिवी हासडली. आत सगळ्यांना ती स्वच्छ ऐकू आली.

मायाक्का मागं फिरली. आपल्या जागेवर येऊन बसली, गाठोडं पुन्हा सुपाखाली सरकवलं. बाहेर मोटार बराच वेळ घरघरत राहिली. मग अक्कलकोटच्या रस्त्यानं तो आवाज लांब गेला. म्हाळसाबाईचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. उद्याही मोटार येईल, परवाही येईल, हे तिला कळत होतं.

मायाक्कानं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या उचलल्या आणि वाचणारीच्या सुपात टाकल्या.