अकरा ओळी

मिरचीला राग यायला फार मोठं कारण कधीच लागत नसे. पण त्या दिवशी सकाळी जे कारण पुढ्यात आलं, ते तिच्यासुद्धा मापाबाहेरचं होतं.

मिरची हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातले सगळे कॉम्प्युटर गेली चौदा वर्षं ती सांभाळत होती आणि पाठीमागे सगळे तिला मिरची म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, एवढ्यावर तिचं समाधान होतं.

आदल्या दिवशी दुपारी टेकडीवरची मोठी टाकी भरून वाहिली होती. लोट खाली आला, दगडी भिंत खचली आणि भिंतीपलीकडच्या शाळेचा रखवालदार तिच्याखाली सापडला. जिवावरचं पायावर निभावलं, पण पाय दोन ठिकाणी मोडला. पंप वेळेवर बंद झाला नाही म्हणून टाकी वाहिली. आणि पंप बंद करायचं बटण ज्या नियंत्रण खोलीत असतं, तिथे त्या वेळी ड्यूटीवर एकटी होती ती मिरचीची सख्खी मोठी बहीण.

ताई बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसत होती. तिचं म्हणणं, मी बटण दाबलं, दोनदा दाबलं, पंपच थांबला नाही. मुख्य अभियंत्यांचं म्हणणं, बाईंचा डोळा लागला. खरं काय ते सांगू शकेल अशी एकच जागा होती. नियंत्रण खोलीत कुठलंही बटण दाबलं की त्याची एक ओळ, वेळेसकट, तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये लिहिली जाते. नोंदींची फाइल उघडायची, ओळ वाचायची, विषय संपला. दुपारी तीनला चौकशी होती. आणि सकाळी दहाला साहेबांनी, म्हणजे मुख्य अभियंत्यांनी, मिरचीला बोलावून सांगितलं, "फाइल नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. बॅकअपमध्ये नऊ तारखेपर्यंतची सापडते. आज सत्तावीस. अठरा दिवस झाले, तुमची ती नोंदी करणारी सर्व्हिस बंद पडलीय." साहेब पेपरवेट गोल गोल फिरवत होते. "तुमच्याच अखत्यारीत येतं ना ते? मोठी बहीण वर झोपली, धाकटी खाली झोपली, असं म्हणतील लोक."

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर जिभेवर आलं होतं, पण ते तिने गिळलं, कारण साहेबांपेक्षा जास्त राग तिला स्वतःचा आला होता. दोघी बहिणी एकाच घरात वर-खाली राहत. काल संध्याकाळी जिन्यात ताई भेटली. चेहरा उतरलेला, चप्पल हातात. "मी दाबलं होतं गं बटण," ताई म्हणाली होती. आणि मिरचीने, उचलली जीभ लावली टाळ्याला, विचारलं होतं, "खरं सांग ताई, डोळा लागला होता का? मला सांगितलंस तर काहीतरी करता येईल." ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती वर निघून गेली. आज सकाळी वरून चहाची हाक आली नव्हती. अशी सकाळ मिरचीच्या आठवणीत तरी दुसरी नव्हती.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. दोन लोखंडी कपाटं, एक डुगडुगणारं स्टूल, आणि पंख्यांचा असा आवाज की माणसाला स्वतःशी बोललेलंही ऐकू येऊ नये. मिरची बसली, पासवर्ड टाकला आणि नोंदींच्या सर्व्हिसची अवस्था विचारली. पडद्यावर हिरव्या अक्षरात उत्तर आलं, चालू आहे. फोल्डर उघडलं. फाइल नाही.

"चालू म्हणे," मिरची पडद्याला म्हणाली. "चालू आहेस तर लिहितेस कुठे? माझ्या कपाळावर?"

कंपनीच्या माणसाला तिने फोन लावला होता. हे सगळं बसवून देणाऱ्या कंपनीचा तो माणूस दुसऱ्या शहरात बसे आणि प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध असे.

"मॅडम, रीस्टार्ट मारा ना," तो स्पीकरवर म्हणाला.

"मारतेच आहे," मिरची म्हणाली, आणि खरंच तिने हुकूम टाइपही केला होता. बंद कर आणि पुन्हा चालू कर. या धंद्यात पडलेला प्रत्येक माणूस आधी हेच करतो, कारण दहापैकी नऊ वेळा तेवढ्याने भागतं. एंटर दाबायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तिला दिसला. डिस्क शहाण्णव टक्के भरली होती.

भरली कशाने? मिरचीने एंटरवरचं बोट उचललं आणि दुसऱ्या खिडकीत सगळ्या फाइलींची बेरीज मागितली. बेरीज आली जेमतेम साठ टक्के. पुन्हा मागितली. पुन्हा साठ. डिस्क म्हणते शहाण्णव, फाइली म्हणतात साठ, मग मधली छत्तीस टक्के जागा काय उंदरांनी खाल्ली? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिने दोन्ही हात कीबोर्डपासून असे मागे घेतले, जणू चटकाच बसला होता.

लिनक्सची, म्हणजे त्या सर्व्हरवर चालणाऱ्या सिस्टिमची, एक खोड आहे. एखादा प्रोग्राम फाइल उघडून लिहीत बसला असताना ती फाइल कुणी पुसली, तर यादीतून फक्त तिचं नाव जातं. मजकूर जागच्या जागी राहतो आणि प्रोग्राम आपला त्यातच पुढे लिहीत राहतो. दारावरची पाटी काढली म्हणून घरातला माणूस नाहीसा होत नाही, तसंच. पण प्रोग्राम एकदा बंद करून चालू केला, की त्याच्या हातातून ती बिननावाची फाइल सुटते आणि सगळा मजकूर कायमचा जातो. म्हणजे ताईचं बटण त्या फाइलीत होतं, आणि मिरची एका एंटरने ते मारायला निघाली होती.

"मॅडम? मीच मारू का इथून रीस्टार्ट?" फोन म्हणाला. "साहेबांनी सकाळीच सांगितलंय मला, दोनच्या आत सर्व्हिस सुरू करून रिपोर्ट द्या म्हणून. मी लॉगिन करतोच आहे."

"हात लावू नकोस."

"अहो, दोन सेकंदांचं काम—"

मिरची वाद घालत बसली नाही. कपाटामागे हात घालून तिने बाहेरच्या लाइनची पिवळी वायर उपटली. आतली सगळी यंत्रणा चालू राहिली, फक्त कंपनीच्या माणसाचा रस्ता बंद झाला. "आता मार," ती फोनला म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांत साहेब खाली आले. कंपनीच्या माणसाने चहाडी केली असणार.

"काय चाललंय काय हे? वायर का काढलीत?"

"फाइल आहे साहेब. पुसली गेलीय, पण आहे. मी ती बाहेर काढेपर्यंत या कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही."

"पुसलेली फाइल परत येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"तेवढंच कळतं म्हणून तर ते शेंबडं आहे."

साहेबांचे कान लाल झाले. तीन महिन्यांत पंपाच्या पॅनेलची तक्रार ताईने दोनदा लेखी दिली होती आणि दोन्ही अर्ज साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली होते, हे मिरचीला माहीत होतं आणि मिरचीला ते माहीत आहे हे साहेबांना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी चालली होती. पण साहेबांनी मुद्दाम काही केलं असेल असंही नाही. त्यांना फक्त दोन वाजता 'सर्व्हिस सुरू झाली' अशी एक ओळ हवी होती, आणि त्या ओळीपायी ते दुसरी ओळ जाळायला तयार होते. मिरचीला चीड आली ती याचीच.

"ही फाइल पुसली कुणी, ते आधी विचारा," ती म्हणाली. "या कार्यालयात पासवर्ड दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि स्टोअरकीपरकडे. बोलवा त्याला."

स्टोअरकीपर आला. नटबोल्टसुद्धा सहीशिवाय न देणारा माणूस, काखेत कायम एक जाड वही.

"नऊ तारखेला या मशीनवर तू काय केलंस?" मिरची त्याच्या अंगावरच गेली. "कुणाला विचारून केलंस? अक्कल काय स्टोअरमध्ये जमा केली होतीस?"

स्टोअरकीपरने वही उघडली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि सावकाश वाचलं. "नऊ तारीख, साडेअकरा. डिस्क भरल्याची लाल सूचना. बाईंना फोन केला. बाई दवाखान्यात, सासूबाईंचं ऑपरेशन. बाई म्हणाल्या, सगळ्यात मोठी असेल ती फाइल उडव आणि मला पुन्हा फोन करू नकोस. त्याप्रमाणे केलं. पुन्हा फोन केला नाही."

साहेबांच्या ओठांवर हसू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मिरचीला तो फोन आठवला. दवाखान्याचा जिना, एका हातात रिपोर्टांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि डोकं फिरलेलं. तिने त्याचं अर्धं ऐकून घेतलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर खेकसली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. आता कुणावर ओरडणार?

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. वहीचं ते पान तीनला वर घेऊन ये."

मग ती स्टुलावर बसली आणि कामाला लागली. दर महिन्याच्या एक तारखेला प्रोग्राम जुनी फाइल सोडून आपोआप नवी धरतो, तेव्हाही मजकूर गेलाच असता. म्हणजे रीस्टार्ट टळलं तरी हातात चारच दिवस होते, आणि चौकशीला तर तीन तास. नोंदींचा प्रोग्राम कुठल्या फाइली धरून बसलाय, त्याची यादी तिने मागितली. सातव्या ओळीत ती सापडली, शेवटी शिक्का, 'पुसलेली'. काखेत कळसा नि गावाला वळसा. डिस्कवर जागा नव्हती म्हणून मिरचीने पर्समधला पेन ड्राइव्ह लावला आणि त्या बिननावाच्या फाइलीची नक्कल सुरू केली. साहेब उभेच होते. स्टोअरकीपरही उभा होता, कारण त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. वीस मिनिटं पडद्यावरचा आकडा सरकत राहिला.

नक्कल झाली. तिने कालची दुपार काढली.

एक बेचाळीसला टाकी भरल्याची घंटा. त्यानंतर बाराव्या सेकंदाला नियंत्रण खोलीतून हुकूम, पंप बंद. पुढे, पंपाकडून उत्तर नाही. पुन्हा हुकूम. उत्तर नाही. पुन्हा. मध्ये तीन मिनिटं काही नाही, तेव्हा ताई पंपघराला फोन लावत असणार आणि तिथे रिंग नुसती वाजत असणार. मग पुन्हा हुकूम. पुन्हा. शेवटची ओळ एक अठ्ठावन्नची. त्यानंतर सहा मिनिटांनी पंपघरातल्या माणसाने जेवून येऊन पंप हाताने बंद केला होता.

मिरचीने हुकुमाच्या ओळी मोजल्या. मग बोट ठेवून पुन्हा मोजल्या. अकरा.

डोळा लागलेला माणूस बाराव्या सेकंदाला बटणापाशी नसतो. मिरचीला रडू आलं, आणि साहेबांसमोर रडू आलं याचा तिला पुन्हा राग आला.

तीन वाजता बैठकीच्या खोलीत चौकशी अधिकारी बाईंसमोर तिने दोन कागद ठेवले. एकावर अकरा ओळी, दुसरा स्टोअरकीपरच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स. "पहिल्या कागदाने माझी बहीण सुटते," ती म्हणाली. "दुसऱ्यात चूक माझी आहे. त्याचं काय करायचं ते करा. आणि पॅनेलच्या तक्रारीचे दोन अर्ज साहेबांच्या टेबलावर आहेत, पेपरवेटखाली. तेही मागवून घ्या."

साहेब खुर्चीत चुळबुळले. अधिकारी बाईंनी शिपायाला अर्ज आणायला पाठवलं, आणि कागद दोनदा वाचून त्या ताईकडे वळल्या. "तुम्ही जबाबात दोनदा दाबलं असं म्हणालात. इथे तर अकरा वेळा आहे."

"दोनदा सांगितलं तर कुणाला पटेना," ताई म्हणाली. "अकरा सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आणि मोजत कोण बसलं होतं? खाली शाळा होती."

बैठक लवकर संपली. ताईवरचा आरोप मागे घेतला गेला, पॅनेलची तपासणी लागली, मिरचीला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. तो ती देणारच होती.

संध्याकाळी घरी आल्यावर ती थेट वर गेली नाही. ताई खाली येईपर्यंत जिन्यात उभी राहिली. ताई आली, कचऱ्याची बादली घेऊन. मिरचीने अकरा ओळींचा कागद पुढे केला.

"तुझ्यासाठी एक प्रत ठेवलीय," ती म्हणाली. "ताई, चुकलं माझं."

ताईने बादली पायरीवर ठेवली. कागद घेतला, उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत वाचला, त्याची नीट घडी केली आणि मिरचीच्या हातात परत दिली.

"मला कशाला? मला माहीतच होतं," ती म्हणाली. "काल इथेच उभं राहून मी तुला एकदा सांगितलं होतं. तुलासुद्धा अकरा वेळा सांगायला हवं होतं का?"

मग तिने बादली उचलली आणि ती खाली उतरली.