वीस दात

काटा चाळीसपाशी थरथरत होता, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखा — आणि मिस्त्रीला वाटलं, एवढ्या जुन्या ट्रकचा काटा, थरथरणारच. सकाळी आपलेही हात थरथरतात, आपल्याला कोण खोलून बघतंय...

ट्रकचा नवा मालक शेजारी बसून गाऱ्हाणं सांगत होता. काटा नाचतो, आणि वर तो चाळीसवर असला तरी गाडी जास्त पळते असं वाटतं. वाटतं म्हणे! मिस्त्रीने मनातल्या मनात त्याची अक्कल काढली. नाचणं केबलचं होतं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरत जाणारी ती तार कोरडी ठणठणीत पडली होती. ओढून काढली, पुसली, ग्रीस लावून परत सरकवली, तसा काटा शहाण्यासारखा स्थिर झाला. तरी मालक हटेना. मग त्याचं तोंड बंद करायला मिस्त्रीने गाडी मोठ्या रस्त्यावर काढली, काटा चाळीसवर धरला आणि किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळ लावलं. नव्वद सेकंद लागायला हवे होते. बहात्तर लागले. परत येताना पुन्हा बहात्तर. म्हणजे पन्नास.

पन्नास... तीन वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीत टायरच्या खुणांवरून साहेबांनी हाच आकडा सांगितला होता. ट्रकही हाच. चालवत होता मिस्त्रीचा धाकटा भाऊ. शाळेजवळच्या वळणावर एका बाईचा पाय गेला होता. तिथे चाळीसच्या वर जायचं नाही, आणि धाकटा एकच घोकत बसलेला — काटा चाळीसवर होता, काटा चाळीसवर होता. साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, मीटर बरोबर होता का? आणि तो — तो कशाला, मीच — ताठ मानेने म्हणालो, "काम माझ्या हातचं आहे. मीटर खोटं बोलणार नाही."

मग कोण खोटं बोलतंय, हे वेगळं सांगावं लागलं नाही. धाकट्याने मान खाली घातली ती घातलीच. लायसन्स गेलं, तो गोदामात खोकी उचलायला लागला. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा खोलीत एक आला की दुसरा उठून जायचा. आई म्हणायची, तो खोटं बोलायचा नाही रे. मिस्त्री म्हणायचा, तूच त्याला लाडावून ठेवलंस. आई गेली ती हेच ऐकून.

गॅरेजवर आल्यावर तो ट्रकखाली सरकला. केबल जिथे गिअरबॉक्सला जोडते तिथलं अंगठ्याएवढं पांढरं दातेरी चाक काढलं आणि पोटावर धरून दात मोजले. वीस. पुन्हा मोजले, जणू सोळा भरतील. सोळाच हवे होते. चार दात जास्त, म्हणून चाक हळू फिरणार, म्हणून काटा मागे राहणार... हे तर मीच दुसऱ्यांना शिकवतो.

बसवलं कुणी, हेही त्याला आठवलं. सोळाचं मोडलं होतं, दुकानात मिळेना, ट्रक तर त्याच दिवशी हवा होता. वीसचं जरा रेटून बसवलं. बाजूला धाकटा उकिडवा बसून बॅटरीचा उजेड धरत होता, आणि तो म्हणाला होता... काय म्हणाला होता?

"दादा, याला दात जास्त दिसतायत."

"तुला काय कळतं? बसलं ना? मग चालतंय."

म्हणजे त्याला माहीत होतं. चौकशीच्या खोलीत एवढं एक वाक्य बोलला असता तर... विसरला असेल. विसरलाच असणार. मिस्त्री तेलकट जमिनीवर पडून राहिला आणि धाकट्याने विसरलेलं असावं म्हणून जिवाच्या आकांताने आशा करत राहिला. पण ती खाली घातलेली मान! तीन वर्षं मी तिला चोराची मान म्हणत आलो.

त्याने सोळाचं चाक बसवलं. वीसचं खिशात टाकलं. मालकाने विचारलं, आता बरोबर दाखवेल ना? माझ्या हातचं काम आहे, हे नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"घड्याळ लावून बघा," मिस्त्री म्हणाला. "माझ्या शब्दावर जाऊ नका."

ट्रक गेला. त्याने फोन काढला; धाकट्याचं नाव अजून होतं, पुसायचं राहून गेलेलं. बोलला का नाहीस, गाढवा, कुणी सांगितलं होतं मला वाचवायला... जुना राग अंगावर घ्यायला तो धडपडत होता, कारण राग असला की फोन करावा लागत नाही. पण राग येईना. खिशातलं चाक मांडीला टोचत होतं, आणि तो उभ्या उभ्या कापडावरूनच पुन्हा दात मोजायला लागला.