दिवाळसणाचा घेवडा

“दिवाळसणाहून आणलं काय, तर डबीभर दाणे!”

उत्तराबाई स्वयंपाकघरात फोनवर हळू बोलत होत्या, पण त्यांचं हळू म्हणजे हॉलपर्यंत. पलीकडून त्यांची लेक रुचिता ठाण्याहून खळखळून हसली. हॉलमध्ये माहेरची बॅग उपसत बसलेल्या नव्या सुनेनं, कादंबरीनं, ते ऐकलं. तिच्या हातातल्या डबीत मी होतो. मीही ऐकलं.

त्या दाण्यांतलाच एक मी. घेवडा. कोरेगावाकडचा, बुटका, फिकट अंगावर तांबडे पट्टे मिरवणारा. पाकिटातून विकतात तो मी नव्हे. कादंबरीच्या गोदूकाकूनं मला वर्षानुवर्षं पेरलं, वाळवलं, राखेत घोळवून ठेवलं. तिच्याआधी तिच्या सासूनं. यंदा काकूचे गुडघे गेले, पेरणी राहिली. ठेवणीतलं बी भुंग्यांनी पोखरलं. वाचलो ते आम्ही अकरा.

ठाकुर्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझा संसार मांडला गेला. कादंबरीच्या नवऱ्यानं, मुकुलनं, रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून दिली. अकरातले चार उगवलेच नाहीत. मी सहाव्या दिवशी मान वर काढली.

सासऱ्यांना कोण आनंद! त्यांनी बादल्यांपासून ग्रिलपर्यंत सुतळ्या ताणल्या. “घेवडा म्हणजे वेल. चढायला आधार नको?”

मी गुडघाभर वाढलो आणि थांबलो.

“हा चढत कसा नाही गं?” ते रोज चहा पिताना विचारत.

आमच्या कुळात कुणी चढत नाही. आम्ही आपल्याच पायांवर उभे राहतो. कादंबरीला हे ठाऊक होतं. पण सासऱ्यांनी एवढ्या हौसेनं बांधलेल्या सुतळ्या नव्या सुनेनं कशा सोडायला सांगायच्या? ती आपली “बघू ना, बाबा” म्हणायची. शेवटी उत्तराबाईंनी त्यांवर मोजे वाळत घातले. मी मोज्यांखाली फुललो.

संक्रांतीच्या सुमारास शेंगा धरल्या. कोवळ्या, मोडल्या की कट्कन वाजणाऱ्या. पहिली भाजी झाली त्या दिवशी उत्तराबाईंनी दोनदा वाढून घेतली. “बाजारच्या फरसबीला ही चव नाही हं,” असं त्या म्हणाल्या आणि मी बादलीत ताठ झालो.

सातांत मीच जोमदार. म्हणून कादंबरीनं माझ्या सहा शेंगांना लाल दोरा बांधला. उत्तम झाडाच्या उत्तम शेंगा खायच्या नाहीत, झाडावरच वाळू द्यायच्या, ही गोदूकाकूची रीत.

“नजर लागू नये म्हणून ना?” उत्तराबाई म्हणाल्या. “बरं केलंस.”

ती नुसती हसली. तिचं हे गप्प बसणं मला महागात पडणार होतं.

रविवारी रुचिता रिकामा डबा घेऊनच आली. “आई, ती दिवाळसणाची भाजी दे ना बांधून!” उत्तराबाईंनी कात्री घेतली. बाकीची सहा झाडं बघता बघता मोकळी झाली.

“एवढ्यानं काय होतंय? त्या दोऱ्याच्या घे. चांगल्या भरल्यात,” रुचितानं बोट दाखवलं.

कात्री माझ्या देठाला टेकली. गार होती. त्या सहा शेंगा गेल्या असत्या, तर गोदूकाकूच्या सासूपासून चालत आलेलं सगळं, वर ओलं खोबरं पेरून, त्या डब्यातून ठाण्याला गेलं असतं.

तेव्हा कादंबरी बोलली. कात्री तिथेच थांबली. रुचितानं अर्धाच डबा नेला.

आता माझी पानं गळून गेली आहेत. शेंगा वाळल्यात; वारा आला की आतले दाणे खुळखुळतात. खारी आल्या की उत्तराबाई लाटणं आपटत धावतात. डबीही त्यांनीच घासून उन्हात ठेवली आहे. सासरे पुढच्या खेपेला सुतळी न बांधण्याचं कबूल करतात, पण ग्रिलवरची सोडत नाहीत. मी दोन-चार दिवसांचा सोबती. खेद नाही, अकरातला एक होतो, तीसेक होऊन जातो आहे. मागणं एवढंच, की तुमच्या घरी कुणी डबीतून काही आणलं, तर हसण्याआधी पेरून बघा.

आणि कादंबरी काय बोलली, तेही ऐकून ठेवा. आवाज बारीकच होता, पण हॉलपर्यंत गेला.

“आई, त्यांना हात नका लावू. तो दोरा बियाण्याचा आहे. दिवाळसणाला काय हवं, असं काकूनं विचारलं, तेव्हा डबीभर दाणे मीच मागितले होते.”