दोन माणसांचं काम

बारक्यानं जमिनीवर पाठ टेकली, सरकत सरकत गाडीखाली गेला आणि एक हात तेवढा बाहेर काढून म्हणाला,

"चौदाचा."

चष्मेवाल्यानं चौदाचा पाना त्याच्या तळहातावर ठेवला. मूठ मिटली, हात आत गेला. पुढे काही नाही.

पूर्वी हाच हात बाहेर आला की त्याच्याबरोबर एक 'भाऊजी' यायचं. भाऊजी, चौदाचा द्या. भाऊजी, फडकं कुठं टाकलंत? भाऊजी, तुमचा पाय माझ्या केसांवर आहे. आणि आवाज असा ठणठणीत, की समोरच्या घरातली म्हातारी खिडकी लावून घ्यायची. आज सकाळपासून त्यानं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. नावानं हाक मारणं शोभलं नसतं, दादा किंवा काका कधी म्हटलंच नव्हतं, म्हणून गड्यानं हाक मारणंच सोडून दिलं होतं. फोन केला तेव्हाही पलीकडून नुसतं "बोला" आलं होतं.

बारक्या हे घरातलं नाव. भावंडांत शेंडेफळ म्हणून पडलं आणि तो ताडमाड वाढला तरी चिकटून राहिलं. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. चष्मेवाल्याच्या बायकोचा हा सख्खा भाऊ. म्हणजे जी आता त्याची बायको नव्हती तिचा. कागदांवर सह्या होऊन बरेच महिने झाले होते. भांडण असं नव्हतंच. दोघंही थकली होती आणि दोघांनाही ते कळत होतं. कपाट तिकडे गेलं, शिवणयंत्र तिकडे गेलं, चांगले टोप गेले. गाडी कुणी मागितली नाही.

गाडी जुनी होती. दोन दारांची, दोनच माणसं मावतील अशी, बुटकी स्पोर्ट्स कार. एके काळी लाल असावी. मेहुण्या-भाऊजींनी ती भंगारवाल्याच्या अंगणातून ओढत आणली होती आणि मग कित्येक रविवार तिच्याखाली काढले होते. बायको तिला 'माझी सवत' म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," असं जिन्यातून ओरडायची. तेव्हा तिघंही हसायची.

नवा सायलेन्सर त्याच दिवसांत मागवलेला. खोकं आलं, भिंतीला टेकलं, आणि घरातलं हवामान बिघडलं ते बिघडलंच. खोक्यावर धूळ बसली. मध्ये एकदा चष्मेवाल्यानं एकट्यानं खटपट करून पाहिली, पण एक टोक वर धरावं तर दुसरं खाली येई. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं ते चहा निवायच्या आत बसवून दिलं असतं. हे काय त्याला माहीत नव्हतं? तरी त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, "बारक्या, दोन माणसांचं काम आहे रे."

खरं सांगायचं तर सायलेन्सरशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. बायको गेली त्याचं दुःख झालं, ते होणारच होतं, त्याची तयारी होती. पण बायकोबरोबर तिचा भाऊही जातो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवार उजाडला की त्याला घर खायला उठायचं. आज काम झालं की तो बारक्याला विचारणार होता, पुढच्या रविवारी ब्रेक उघडू या का म्हणून. वाक्य त्यानं दाढी करताना दोनतीनदा म्हणून पाहिलं होतं.

"नट सुटत नाही," गाडीखालून बारक्या म्हणाला. "पार गंजलाय."

"स्प्रे मारू?"

"मारला. भिजू द्या जरा."

एरवी बारक्यानं एवढ्या वेळात चार लिफ्ट आणि त्यांत अडकलेली माणसं सांगून संपवली असती. चष्मेवाल्यानं उगाच पाने उतरत्या क्रमानं लावून ठेवले.

"दुकान कसं आहे?" बारक्यानं विचारलं. पाहुण्यानं विचारावं तसं.

"चाललंय. चष्म्याचे स्क्रू आवळून घ्यायला येतात लोक."

"अजून फुकटच आवळता?"

"त्याचे काय घ्यायचे?"

गाडीखाली हसल्यासारखा आवाज झाला. चष्मेवाल्याला बरं वाटलं. हा त्यांचा जुना विनोद होता. सैल स्क्रू दिसला की चष्मेवाल्याच्या बोटांना राहवायचं नाही. रस्त्यात ओळखीच्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन तो काडी आवळायचा. बारक्या म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही असं गच्च आवळता, मग माणूस परत येणार कसा? अर्धा फेरा सैल ठेवावा." आज तो ते बोलला नाही, नुसता हसला. तरी हसला.

दोन नट कुरकुरत सुटले. तिसऱ्याचा बोल्टच मानेत तुटला. मागचे बोल्ट तर ओळखू येत नव्हते इतके गंजानं खाल्लेले, तेव्हा बारक्यानं डोळ्यांना गॉगल लावला आणि ग्राइंडरनं जुना पाइपच कापायला घेतला. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास सुटला. चष्मेवाला पलीकडच्या बाजूनं आडवा पडून पाइपला खालून आधार देत होता. सायलेन्सर ज्यांना टांगलेला असतो ती वरची रबरं सडलेली आहेत हे दोघांपैकी कुणीच तपासलं नव्हतं.

पाइप तुटला त्याच क्षणी रबरंही तुटली.

"भाऊजी, हात!"

चष्मेवाल्यानं हात ओढला. सायलेन्सर धाडकन फरशीवर आदळला, बोटं होती तिथंच. गंजाचा भुगा उडाला. समोर म्हातारीची खिडकी लागली.

दोघं गाडीखाली तसेच पडून राहिले. मध्ये तो जुना सायलेन्सर.

"लागलं नाही ना?" बारक्यानं विचारलं.

"नाही."

बारक्यानं गॉगल काढला, शर्टानं पुसला, परत लावला, परत काढला. चष्मेवाला तुटलेली रबरं गोळा करत राहिला. त्याचा चेहरा फुलला होता आणि तो दाखवायची त्याला लाज वाटत होती. ब्रेकचं आत्ताच विचारावं, त्याच्या मनात आलं. मग म्हणाला, आधी चहा करू.

चहा त्यांनी घराच्या गॅरेजातच घेतला, नव्या सायलेन्सरच्या रिकाम्या खोक्याशेजारी फरशीवर बसून. कप दोन वेगळ्या जातींचे होते. जोडीचे तिकडे गेले होते. बारक्यानं ते पाहिलं आणि नजर वळवली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांग की."

"ताईचं ठरलंय. म्हणजे लग्न. साधंच करणार आहेत, सही करून. या महिन्यातच."

चष्मेवाल्यानं कपात पाहिलं.

"चांगला आहे माणूस?"

"चांगला आहे. शांत आहे."

"मग झालं तर."

"आईचं म्हणणं पडलं..." बारक्या थांबला. कपाच्या कानाला लागलेलं ग्रीस नखानं खरवडलं. "त्यांच्याकडची माणसं नवीन आहेत. मी इकडे येत राहिलो तर बरं दिसणार नाही, म्हणते. तशी ती वाईट बोलत नाही तुमच्याबद्दल."

"माहीत आहे मला. आणि ताई?"

"ताई म्हणाली, जा. पण शेवटचं म्हणून जा."

चष्मेवाल्यानं मान हलवली. चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. दाढी करताना पाठ केलेलं वाक्य आता कामाचं उरलं नव्हतं.

"त्यांना काय म्हणून हाक मारतोस?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"ताईच्या त्यांना रे."

बारक्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"अजून काहीच नाही," तो म्हणाला. "काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभा राहतो."

"असं नको करू. म्हणत जा. माणसाला बरं वाटतं."

बारक्या उठला आणि दोन्ही कप नळाखाली धरून, गरज नसताना, चांगले घासून ठेवले.

पुढचं काम मात्र झरझर झालं. हातांना सवय होती, हातांना काही सांगितलेलं नव्हतं. चष्मेवाल्यानं नव्या रबरांना साबणाचं पाणी लावलं. बारक्यानं चकचकीत पाइप छातीवर घेतला, दोन्ही हातांनी वर रेटला, आणि पलीकडून चष्मेवाल्यानं एकेक रबर आकड्यात सरकवलं. थोडं वर. बस. डावीकडे. बस. पुढच्या जोडावर नवी गॅस्केट बसली, मागच्या टोकाला क्लॅम्प लागला. ना धुसफूस, ना चूक. एवढं सरळ काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याचंच चष्मेवाल्याला वाईट वाटलं. एखादा बोल्ट तरी हरवायचा होता.

गाडी सुरू केली. पहिल्यांदा ती खोकली, मग घुमायला लागली. जाड, खर्जातला आवाज, फरशीतून पायांत चढणारा. बारक्यानं आत वाकून हातानंच अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला. तेवढ्यापुरता तो जुना बारक्या झाला, डोळे मिटून, मान डोलावत.

"सवत गायला लागली," तो म्हणाला, आणि लगेच हात काढून घेतला.

गाडी बंद केली. गरम पाइप टिकटिकत होता. आता बारक्या काय म्हणणार ते चष्मेवाल्याला पाठ होतं. सायलेन्सर एकदा तापून निवला की नट थोडे ढिले पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. अशा वेळी बारक्या हात पुसत सांगायचा, पुढच्या रविवारी येऊन आवळून टाकतो, तोवर हळू चालवा. कितीतरी रविवार असे एकमेकांना बांधले गेले होते. चष्मेवाला वाट पाहत उभा राहिला.

बारक्यानं हात पुसले. पाइपजवळ तळवा नेऊन पाहिला.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"निवू दे. आवळूनच जातो."

आणि तो खरंच थांबला. दारात उकिडवा बसून रस्त्याकडे पाहत राहिला. चष्मेवाल्यानं झाडून घेतलं, जुना सायलेन्सर ओढत भिंतीला लावला, खोकं फाडून त्याची घडी केली. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तोही शेजारी बसला. समोरची म्हातारी खिडकीत येऊन दोघांना पाहून गेली. बोलता आलं असतं. पुढच्या आयुष्याबद्दल, बारक्याच्या स्वतःच्या लग्नाबद्दल, कशाबद्दलही. चष्मेवाल्याला वाटत होतं, पाइप असाच तापलेला राहावा.

पाइप निवला. बारक्या गाडीखाली गेला आणि एकेक नट आवळत गेला. शेवटच्या नटावर त्याचा पाना बराच वेळ टेकलेला दिसला. मग तोही फिरला.

"आता बघावं लागणार नाही," बाहेर येऊन तो म्हणाला.

त्यानं आपले पाने पुसून पिशवीत भरले. चौदाचा हातात तसाच धरून ठेवला.

"हा राहू दे तुमच्याकडे."

"अरे, तुझा सेट मोडेल."

"मोडू दे."

फाटकापाशी तो थांबला. वाकून पाया पडेल की काय असं क्षणभर वाटलं, पण त्यानं नुसता चष्मेवाल्याच्या बाहीवरचा गंज झटकला.

"येतो," म्हणाला. निघताना सगळेच म्हणतात तसं. आणि गेला.

चष्मेवाल्यानं फाटक लावलं. आत जाऊन दिवा लावावा, काहीतरी खावं, असं त्यानं ठरवलं आणि तो गॅरेजात आला. गाडी अजून जॅकवरच होती. तो जमिनीवर पाठ टेकून खाली सरकला. एकट्याला खाली फार जागा वाटत होती. त्यानं पुढचे नट चाचपले, मागचे चाचपले. सगळे गच्च. बारक्याचं काम होतं, बोट ठेवायला जागा नव्हती.

मागच्या क्लॅम्पच्या नटावर त्यानं चौदाचा पाना बसवला. हात थांबला. आयुष्यभर त्या हातानं आवळण्याखेरीज काही केलं नव्हतं. मग त्यानं जोर लावला आणि नट उलटा फिरवला, अर्धा फेरा. पाइप हलवून पाहिला. काही नाही. आणखी अर्धा फेरा सोडला आणि पुन्हा हलवला.

आता पाइप खडखडला. फोनवरूनही ऐकू जाईल इतका.