उतावळा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंबरनाथला बुवापाड्यात कुंदाच्या फळीवर बसतो. माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प तीनचा. मोटर एकीकडची, खोका दुसरीकडचा आणि अंगावर परदेशी नावाची पट्टी. मोटर जरा जास्तच पळायची. विकतची कुठलीही कॅसेट घाला, भलेभले गायक माझ्या पोटातून चिवचिवत बाहेर पडायचे.

मला हौसेने आणलं कुंदाच्या आईने, राजाबाईंनी. त्या धवळारीण होत्या, लग्नविधीची गाणी म्हणजे धवळे म्हणणाऱ्या. आगऱ्यांच्या लग्नात त्यांनी धवळे गायल्याशिवाय पान हलत नसे. एवढी मानाची बाई मला परत करणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण पहिल्याच दिवशी सिनेमातलं एक रडकं गाणं माझ्यातून चिमणीच्या आवाजात आलं आणि त्या हसून हसून खाली बसल्या. "उतावला नवरा, गुडघ्याला बाशिंग," मला म्हणाल्या.

मग रोज भाकऱ्या झाल्या की पदर खोचून त्या त्याच गाण्यावर कोंबडीसारखी मान उडवत नाचायच्या. त्या गाण्याला त्या 'आपली कोंबरी' म्हणायच्या. दारात शेजारणी जमायच्या. "देवाची गानी लग्नान हायेतच," त्या म्हणायच्या, "घरान मानसानं हसावं."

कुंदाने त्यांचे धवळे माझ्यावरच भरून घेतले होते. ते मात्र अगदी त्यांच्याच आवाजात यायचे. मी ज्या घाईने ऐकले होते, त्याच घाईने परत सांगत होतो ना.

एका श्रावणात राजाबाई गेल्या. दहावा व्हायचा होता, बायका भेटायला बसल्या होत्या. आईचा आवाज ऐकावा म्हणून कुंदाने न बघता माझं बटण दाबलं. आत आईनेच ठेवलेली ती रडकी कॅसेट होती. चिवचिवाट सुरू झाला आणि कुंदाला हसू फुटलं.

"सुतक हाय ना गो घरान?" तिची आत्या कौसाबाई हळूच म्हणाली.

कुंदाची मान खाली गेली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या खोडीपायी त्या पोरीला बोल लागला होता. तिने माझ्यावर फडकं टाकलं.

सुतक फिटल्यावर ती मला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी मेकॅनिककडे घेऊन गेली. "बेटी, मोटर तेज भागती है. सीधा कर देता हूँ," म्हणत त्याने माझ्या मोटरचा एक बारीक स्क्रू फिरवला. मी सरळ झालो. आता कोणी हसणार नाही, म्हणून आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

घरी कुंदाने धवळ्यांची कॅसेट लावली. राजाबाईंचा आवाज जड, पुरुषी होऊन ओढत ओढत आला. घाईत ऐकलेलं मी आता सावकाश सांगत होतो.

दिवाळीनंतर बदलापूरच्या पुढे एका गावात लग्न होतं. आईच्या जागी कुंदा पहिल्यांदाच गाणार होती, आणि चाल शिकायची ती याच कॅसेटवरून. "आईला मीच घालवली," म्हणत ती रडत बसली. मी वाकडा होतो तेव्हा तिची आई खरी सांगत होतो. सरळ झालो आणि खोटा ठरलो. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मेकॅनिकसमोर उभी. "साईं, पहले जैसा बिघाडके दो."

"लोग बनवाने आते हैं, बेटी," तो म्हणाला. पण त्याने कॅसेट लावली आणि स्क्रू उलटा फिरवू लागला. कुंदा कान लावून होती. "और थोडा. और. बस."

घरी धवळा राजाबाईंच्या आवाजात उमटला. तो संपला तरी कॅसेट फिरतच होती. मागून त्यांचा हसरा आवाज आला, "झायलं का गो? मंग आता आपली कोंबरी लाव."

कुंदाने आधी आत्याकडे पाहिलं. दारात तांदूळ निवडणाऱ्या कौसाबाईने पदराने डोळे पुसले. "लाव ना गो," ती म्हणाली, "आय सांगतंय तुजी."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, उन्हातून उचलून ठेवा. पण सरळ करायला नेण्याआधी एकदा त्यांचं नीट ऐकून घ्या. त्या दिवशी मी जीव तोडून चिवचिवलो, आणि कौसाबाई सूप बाजूला ठेवून, पदर खोचून उठली.